चूलबंद आवतन

आमच्या घरात बोलण्याचं खातं लहानपणापासून माझ्याकडेच आहे. बाबा मला भोंगा म्हणायचे. दिवसभरात त्यांच्या तोंडून निघणाऱ्या मोजक्या शब्दांपैकी एक आपल्या वाट्याला येतो, याचंच मला भारी कौतुक वाटे. बाकी त्यांचं काम सगळं मुक्यानं. कॉलेजला कारंज्याला जाताना सकाळी मी एसटीच्या फाट्यावर उभी राहिले की ते थोड्या अंतरावर सायकल धरून उभे असायचे. बस आली, मी चढले, की सायकल वळवून मळ्यात. हात हलवणं नाही, नीट जा म्हणणं नाही. मैत्रिणी विचारायच्या, तुझे बाबा रागावलेत का गं? मी म्हणायचे, नाही गं, हे त्यांचं लाड करणं आहे.

आमचा भाजीपाल्याचा मळा गावाला लागूनच आहे. त्याला लागून शेजारच्या काकांचा मळा. मधे फक्त धुरा, म्हणजे बांध, आणि त्यावर ओलांडता येईल एवढंच कुंपण. दोन्ही घरं आपापल्या मळ्यातच, हाकेच्या अंतरावर. नातं म्हणाल तर काहीच नाही. काका बाबांपेक्षा थोडे लहान, त्यांना भाऊ म्हणणारे. ते चारचौघांत बऱ्यापैकी बोलायचे, बाजारात तर चांगलेच बोलायचे, कारण बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही. पण बाबांच्या शेजारी आले की तेही मिठाची गुळणी धरल्यासारखे गप्प. दोघं धुऱ्यावर बसून तंबाखू मळायचे, खायचे आणि उठायचे.

पण त्या दोघांमधला व्यवहार मी डोळ्यांनी पाहिला आहे आणि आजही आठवला की नवल वाटतं. ऐन उन्हाळ्यात काकांच्या विहिरीवरची मोटार जळाली. ते बाबांना काही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा आमच्या विहिरीचा पाइप धुऱ्यावरून त्यांच्या वांग्यांत गेलेला होता आणि पाणी वाहत होतं. आमचा पालक मात्र त्या आठवड्यात पिवळा पडला. आईनं विचारलं, आपल्याले पानी पुरन का? बाबा फक्त खांद्यावर फावडं टाकून बाहेर गेले.

पुढे बाबांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. आई आणि मी त्यांच्याजवळ दवाखान्यात, भाऊ शिकायला बाहेरगावी. मळ्यात तोडणीला आलेली गवार आणि वांगी. आम्ही घरी परतलो तर ओट्यावर मालाचे रिकामे कट्टे, म्हणजे पोती, घडी करून ठेवलेले. काकांनी आधी आमचा माल तोडून कारंज्याच्या हर्रासात, म्हणजे लिलावात, नेला होता, मग स्वतःचा. त्यांच्या मेथीला तोवर फुलं आली होती. फुलावर आलेली मेथी कोण घेणार? बाबा काठी टेकत धुऱ्यापर्यंत गेले, त्या फुललेल्या मेथीकडे बराच वेळ बघत उभे राहिले आणि परत आले. टाके सुकल्यावर त्यांनी पहिलं काम कोणतं केलं असेल, तर काकांचं मोडकं फाटक दुरुस्त करून दिलं. काका घरी नसताना.

हे असं बघत मी मोठी झाले. माणसानं करावं, बोलू नये, हे माझ्या मनात पक्कं बसलं. मी स्वतः बडबडी, त्यामुळे तर मला ते फारच उंच वाटायचं. पुढे लग्न होऊन अकोल्याला गेले. सासरची माणसं गोड, पण तोंडापुरती. या बसा, जेवूनच जा, असं म्हणताना कुणी सोफ्यावरून हलायचं नाही. मी मनात म्हणायचे, आमच्या धुऱ्यावर येऊन बघा म्हणावं, माया कशी असते ते. माझा तो तोरा माझ्या भावाच्या लग्नात उतरला.

आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी मांडव असतो. आख्खं गाव जेवतं. त्यासाठी पत्रिका पुरत नाही. पत्रिका मोबाइलवर पाठवली तर लोक ती बातमी म्हणून वाचतात. जेवायला येण्यासाठी आवतन लागतं, म्हणजे घरच्या माणसानं हळदीचे तांदूळ घेऊन दाराशी जायचं आणि तोंडानं म्हणायचं, चूलबंद आवतन हाय. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटायची नाही. म्हातारं, पोरसोर, आलेला पाहुणा, सगळ्यांनी आमच्या मांडवात जेवायचं. आता बहुतेकांकडे गॅस आला, पण शब्द तोच आहे. आणि ज्याच्या दाराशी हा शब्द बोलला गेला नाही, तो सख्खा असला तरी जेवायला येत नाही. त्याला कुणी रागीट म्हणत नाही, त्याचं बरोबरच असतं.

बाबांना आवतन द्यायला पाठवायचं म्हणजे मुक्याला कीर्तनाला उभं करायचं. तेव्हा काका त्यांच्यासोबत गेले. हळदीच्या तांदळाचं ताट बाबांच्या हातात, बोलणं काकांकडे, आणि बायकांना कुंकू लावायला मागे मी. गावातलं एकेक दार आम्ही घेतलं. काका प्रत्येक दाराशी थांबायचे, घरधन्याला हाक मारायचे आणि ठासून म्हणायचे, "भाऊच्या घरी मांडव हाय. चूलबंद आवतन. सगळ्यायनं याचं, घरी कोनी राहाचं नाई." कुणाकडे बाळंतीण होती, तर काका म्हणाले, तिचं ताट मी सोता आनून देतो. इतक्या मनापासून बोलत होते की माणसं बाबांकडे न बघता त्यांनाच हो म्हणत होती. संध्याकाळी काका आपल्या फाटकाशी वळले, आम्ही आमच्या घरी आलो. ताटात थोडे तांदूळ उरले होते, ते आईनं देवापुढे ठेवले.

मांडवाच्या दिवशी काका उजाडताच हजर. जांभळीचे डहाळे त्यांनीच आणून मांडवावर टाकले. आचारी मेहकरकडचा होता, पण त्याला चुलवणं खणून देण्यापासून पाण्याची टाकी भरण्यापर्यंत सगळं काकांनी बघितलं. काकूंनी पहाटेच वांगी तोडून दिली होती. आमच्याकडे मांडव म्हणजे वांग्याची भाजी, आणि त्या दिवशी मोठ्या कढईत रटरटत असलेली निम्मी वांगी त्यांच्या मळ्यातली होती. त्यावर टाकलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, तोही त्यांचाच.

दुपारी पहिली पंगत बसायच्या वेळी पोळ्यांना परात कमी पडली. आई म्हणाली, काकूची मोठी परात घेऊन ये. मी धुरा ओलांडून गेले, तर काकू अंगणातल्या चुलीपुढे बसलेल्या. चुलीवर तवा, तव्यावर ज्वारीची भाकर. शेजारी वाटीत मिरचीचा ठेचा.

मला आधी काही उमगलंच नाही. मी म्हटलं, "काकू, हे काय? आज चूल काहून पेटवली?"

"भूक लागते ना, माय," काकू म्हणाल्या. आवाजात जराही धार नव्हती. "तुहे काका पहिल्या पंगतीले वाढून येतीन खायाले. मंग पुन्हा जातीन."

"पण मांडवात..."

"मांडवात काम हाय, थे करून राह्यलो आमी. जेवाचं आवतन नाई." त्यांनी भाकर उलटली. "तुह्या काकांनं साऱ्या गावाले आवतन सांगतलं. आपल्या फाटकापाशी आले तं जरासे थांबले म्हने. भाऊ काई बोलन म्हनून. भाऊ ताट घेऊन निंघून गेले."

मी म्हटलं, "अहो काकू, तुम्ही तर घरचे. घरच्यांना कोणी आवतन देतं का?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "घरचे म्हनलं असतं तं तसंच आलो असतो. परके समजून आवतन देलं असतं, तरी आलो असतो. तुमी तं कायच नाई म्हनलं. मंग आमी कोन म्हनून याचं?" आणि लगेच, "जाय, परात ने. पोळ्या खोळंबल्या असतीन."

मी परात उचलली आणि धुरा ओलांडून परत आले. समोर मांडवात काका वरणाची बादली घेऊन पंगतीत फिरत होते. एकाच्या पानावर हात आडवा आला तर तो बाजूला सारून वरण वाढत होते, थट्टा करत होते, आग्रह करत होते. पहाटेपासून हा माणूस आमच्या दारात राबत होता आणि आमच्या अन्नाचा कण त्याच्या तोंडात गेला नव्हता. रुसला असता, कामाला आला नसता, तर मला समजलं असतं. पण त्यानं कामात काडीचीही कसर ठेवली नव्हती आणि जेवणाच्या रीतीतही नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसात एवढ्या शांतपणे राहू शकतात, हे बघून मी थक्क झाले. इतक्या वर्षांत मी त्याच्या गप्प बसण्याचं कौतुक केलं होतं. त्या गप्प बसण्यात तो कशाची तरी वाट बघत होता, हे आज कळलं.

आईला सांगितलं तर तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. मग म्हणाली, "आजचं जेवन हुकलं तं मंग संपलं. उंद्या त्यायच्या घरचं पानी आपन कोन्या तोंडानं प्याचं? थे काई म्हननार नाईत. पाइप टाकतीन, माल नेतीन, सारं करतीन. पन आपल्या घरी बसून घास खानार नाईत पुन्हा." तिनं पदर सावरला आणि बाबांना बाजूला बोलावून दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

बाबांचा चेहरा उतरला. मग त्यांनी आयुष्यभर केलं तेच केलं. एक ताट घेतलं. पोळ्या, वांग्याची भाजी, वरण, भात, बुंदी, सगळं स्वतःच्या हातानं भरगच्च वाढलं, वर तूप ओतलं आणि ताट माझ्या हातात देऊन धुऱ्याकडे बोट दाखवलं.

मी गेले. काकूंनी ताट दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं. घरात जाऊन गुळाचा खडा आणला, बुंदीवर ठेवला आणि ताट परत माझ्या हातात दिलं. "लगनाच्या घरचं ताट माघारी जाऊन राह्यलं, तं गोड ठेवून जाव," म्हणाल्या.

तो गूळ बघून बाबा उभ्या जागी थिजले. त्यांच्याजवळ होतं नव्हतं ते सगळं त्या ताटात होतं. याहून जास्त काय करायचं, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. मला त्यांची फार दया आली. विहीर उपसायला सांगितली असती तर त्या माणसानं एका दमात उपसली असती.

थोड्या वेळानं ते देवघरात गेले आणि उरलेले हळदीचे तांदूळ घेऊन बाहेर आले. तसेच पंगतीत जाऊन काकांपुढे उभे राहिले. काकांनी तांदळाकडे पाहिलं. बादली खाली ठेवली. गळ्यातल्या दुपट्ट्याला हात पुसले आणि एक अक्षर न बोलता मांडवातून बाहेर पडून, धुरा ओलांडून आपल्या घरी चालू लागले.

पंगतीतले हात थांबले. लोकांना वाटलं भांडण झालं. कुणी उठू लागलं, कुणी त्याला खाली बसवलं. बाबा काकांच्या मागे, आणि बाबांच्या मागे मी आणि आई. काका आपल्या घरात गेले, वळले आणि उंबऱ्याच्या आत उभे राहिले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आवतन दाराशी घ्यायचं असतं. ते घ्यायला काका घरी आले होते.

बाबा दारासमोर उभे राहिले. गावातल्या प्रत्येक दाराशी काकांनी म्हटलेले शब्द त्यांनी ऐकले होते, पण स्वतः एकदाही उच्चारले नव्हते. काकू चुलीपुढून उठल्या नाहीत, पण भाकर भाजायच्या थांबल्या.

"मले बोलता येत नाई," बाबा म्हणाले. "तुले ठाऊक हाय."

काकांनी मान हलवली.

"काल सारे दारं तू बोलला. मी नुसतं ताट धरलं. तुह्या दाराशी कोन बोलन, हे माह्या ध्यानातच नाई आलं." बाबा थांबले. मला वाटलं, झालं, संपलं यांचं. पण ते पुढे म्हणाले, "मी दवाखान्यात होतो तवा माहा मळा तू पाह्यला. तुही मेथी गेली त्याच्यात. मले दिसली. म्या काई म्हनलं नाई. मले वाटे, तुले समजते."

काका म्हणाले, "समजत होतं, भाऊ. सारं समजत होतं." मग उंबऱ्याकडे बघत, हळू, "पन एक डाव आयकाचं होतं."

बाबांनी तांदळाचं ताट पुढे केलं. "आज आमच्या घरी मांडव हाय. चूलबंद आवतन हाय. तुमी दोघं नाई आले तं त्या मांडवात माहं कोनी नाई."

मी घरातली बोलकी. आयुष्यात किती बोलले असेन, त्याला मोजमाप नाही. पण एवढं मोठं बोलणं माझ्या तोंडून कधी निघालेलं नाही. ते चार शब्द बोलताना बाबांना जेवढे कष्ट झाले, तेवढे त्यांना काकांच्या वांग्यांत पाइप टाकताना झाले नव्हते. करणं मोठं की बोलणं मोठं, याचा निकाल मी लहानपणीच लावून ठेवला होता. त्या उंबऱ्यापुढे तो गळून पडला. ज्याला करणं सोपं जातं त्यानं करावं, यात काय विशेष? या माणसानं आज अवघड ते केलं होतं.

काकांनी दुपट्ट्याचं टोक पसरलं आणि तांदूळ घेतले. तिकडे काकूंनी चुलीतली जळती लाकडं मागे ओढली, तांब्यातलं पाणी त्यांच्यावर ओतलं. सूं असा आवाज झाला, राख उडाली आणि चूल विझली. तव्यावरची भाकर एका बाजूनं भाजलेली, दुसरीकडून पांढरी.

काकूंनी ती हातात घेतली, बघितली आणि बाबांपुढे धरली. "आमाले आता आमच्या घरचं चालत नाई," त्या म्हणाल्या. "आन् अन्न टाकता येत नाई. तुमीच खा, भाऊ."

नवरदेवाच्या बापानं मांडवात सगळ्यांच्या शेवटी जेवायचं असतं. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. बाबांनी भाकर घेतली, तिच्यावर ठेचा घेतला आणि तिथंच अंगणात उभ्यानं खाऊ लागले. एक घास, दुसरा घास. गळा मोकळा झाला होता म्हणून असेल, किंवा आता थांबता येत नव्हतं म्हणून असेल, ते काकूंना म्हणाले, "चांगली हाय."

माझ्या शेजारी आई उभी होती. सकाळपासून पीठ मळून तिचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. ती माझ्याकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, पण रागावून नाही, म्हणाली, "पाह्य माय. माहा जलम गेला पोळ्या लाटन्यात. 'चांगली हाय' हे आजच आयकलं, आन् थेबी शेजारनीच्या कच्च्या भाकरीले."

एवढं बोलून पंगत वाढायला ती धुरा ओलांडून निघून गेली. बाबांचा घास हातातच राहिला. ते तिच्या पाठीकडे बघत होते.

काका उंबरा ओलांडून बाहेर आले, बाबांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि म्हणाले, "भाऊ, एक दार राह्यलं."